पबचं नाव नंतर, आधी वार आणि वेळ

लंडनला आमच्याकडे मुक्कामाला येणारे बहुतेक पाहुणे विमानतळावरून घरी पोचायच्या आत विचारतात, ‘‘इथले चांगले पब कुठले?’’ काही जण यादी भारतातूनच घेऊन येतात. अशा एका यादीत मी साउथॉलचं ‘ग्लासी जंक्शन’ पाहिलं. भारतीय रुपये घेणारा पब म्हणून ते गाजलं होतं, पण बंद होऊन बरीच वर्षं झाली. दुसऱ्या एका यादीत स्ट्रँडवरचा ‘इंडिया क्लब’ होता. कृष्ण मेनन यांच्या इंडिया लीगशी नातं असलेली ती जागा सप्टेंबर २०२३मध्ये बंद झाली. म्हणून यादी कितीही विश्वासाच्या माणसाने दिलेली असो, निघण्यापूर्वी त्या पबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी बघा : आज उघडा आहे का, जेवण किती वाजेपर्यंत मिळतं, आणि मुलांना आत घेतात का.

वाराचा प्रश्न सगळ्यांत जास्त नडतो. सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आसपासचा ‘सिटी’ हा कचेऱ्यांचा भाग आहे. तिथले अनेक पब शनिवार-रविवारी उघडतच नाहीत, आणि आपले लोक नेमके शनिवारी जातात. हॅटन गार्डनजवळच्या बोळात दडलेला ‘ये ओल्ड मायटर’ हा मूळचा १५४६चा पब मला फार प्रिय आहे, पण तो सोमवार ते शुक्रवारचा. याउलट गुरुवारी संध्याकाळी सहानंतर याच भागात पाय ठेवायला जागा नसते. कचेऱ्या सुटलेल्या असतात, माणसं ग्लास हातात घेऊन फुटपाथवर उभी असतात. वयस्कर आईवडिलांना घेऊन त्या गर्दीत शिरू नका.

अशाच एका गुरुवारी घडलेली गोष्ट सांगतो. ताई, भाऊजी आणि कॉलेजात शिकणारा भाचा लंडन करून पुढे पॅरिसला जाणार होते. वयाचा पुरावा लागतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ताईने तिघांचेही पासपोर्ट बरोबर घेतले आणि बॅग खुर्चीच्या पाठीला अडकवली. नदीकाठचा पब खच्चून भरला होता. शेजारच्या एकाने भाऊजींना कुठलासा रस्ता विचारला, दोघं नकाशात बघत राहिले, आणि बिल द्यायला ताई वळली तेव्हा खुर्चीला बॅग नव्हती. पबच्या माणसांनी कोपरान् कोपरा शोधून दिला. कॅमेऱ्याचं चित्रण मात्र पोलिसांनाच देता येईल असं सांगितलं. पोलिसांत तक्रार नोंदवून गुन्ह्याचा क्रमांक घेतला, फोटो काढले, ऑल्डविचच्या भारतीय उच्चायुक्तालयात गेलो. पासपोर्ट हरवलेल्याला तातडीचं प्रमाणपत्र मिळतं, पण ते फक्त भारतात परतण्यासाठी. युरोपचा शेंगेन व्हिसा गेलेल्या पासपोर्टवरच चिकटवलेला होता. पॅरिसची हॉटेलं, रेल्वेची तिकिटं, ताईने वर्षभर मनात रंगवलेली ती सहल, सगळं तिथेच संपलं. ती आमच्या स्वयंपाकघरात बसून रडली, तेव्हा तिला काय सांगावं मला कळेना.

दारू घ्यायचं वय इथे १८ आहे, पण दिसायला पंचविशीच्या आतल्या प्रत्येकाकडे पुरावा मागायची पद्धत बहुतेक पबांत आहे. म्हणजे पासपोर्टची गरज फक्त भाच्याला होती. चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला कुणी विचारत नाही. तेव्हा घरात जो तरुण असेल त्याचाच पासपोर्ट न्या आणि तो चेन असलेल्या आतल्या खिशात ठेवा. आधार कार्ड चालेल असं धरून चालू नका. बाकीचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहू द्यात, त्यांचे आणि व्हिसाचे फोटो फोनमध्ये असू द्यात. काउंटरखाली बऱ्याच ठिकाणी आकडे असतात, बॅग तिथे आपल्या गुडघ्यासमोर टांगा. बाहेरच्या टेबलावर फोन ठेवून गप्पा मारू नका. सायकलवरून येऊन फोन हिसकावणारे लंडनमध्ये बरेच आहेत.

एवढं सांभाळलं तर लंडनचे पब डोळे भरून पाहण्यासारखे आहेत, दारू न पिणाऱ्यानेही. त्यांची खरी वेळ म्हणजे आठवड्यातल्या मधल्या वारांची दुपार, तीन ते पाच. फ्लीट स्ट्रीटवरचा ‘ये ओल्ड चेशर चीज’ १६६६च्या मोठ्या आगीनंतर, १६६७मध्ये पुन्हा बांधला गेला. बुटकी छतं, अंधाऱ्या खोल्या, खाली तळघर. गुडघेदुखी असणाऱ्याने जिने टाळून वरच्याच खोलीत बसावं. तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर ‘ब्लॅकफ्रायर’ आहे. १९०५च्या सुमारास संगमरवर आणि तांब्या-पितळेच्या साधूंच्या शिल्पांनी तो आतून सजवला गेला. १९६०च्या दशकात तो पाडायचं घाटत होतं, तेव्हा कवी जॉन बेचमन यांच्यासारखी माणसं त्याच्यासाठी उभी राहिली. ब्रिटिश म्युझियम पाहून पाय थकले असतील तर जवळच ‘लॅम्ब’ आहे. तिथल्या काउंटरवर कोरीव काचेच्या फिरत्या झडपा आहेत. आपण काय पितो हे दुसऱ्याला दिसू नये म्हणून व्हिक्टोरियन काळात केलेली ती सोय अजून शाबूत आहे.

आत गेल्यावर टेबलाशी वेटरची वाट बघत बसू नका. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. जेवण मागवताना टेबलाचा नंबर सांगायचा. रांग दिसली नाही तरी आधी कोण आलं हे बारमागच्या माणसाच्या लक्षात असतं. आपल्याआधी कोणी उभं असेल तर ते सांगावं; त्याची इथे फार कदर होते. टिप द्यावी लागत नाही. पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. सवय नसेल तर अर्धी घ्या, त्यात कमीपणा नाही.

उभ्या दांड्याच्या पंपातून येणारी ‘एल’ आपल्या लोकांना कोमट आणि फेसाविना वाटते, आणि बिअर बिघडली म्हणून ते परत करायला निघतात. ती बिघडलेली नसते. पिंपातच ती दुसऱ्यांदा आंबते आणि तळघराच्या गारव्याला, ११ ते १३ अंशांवर, दिली जाते. ही परंपरा मरू नये म्हणून ‘कामरा’ ही ग्राहकांची संघटना १९७१पासून झटते आहे. घोटभर चव मागा, सहसा देतात. मात्र शाकाहारी असाल तर आधी विचाराच : अशी बिअर नितळ करायला पुष्कळ ठिकाणी माशाच्या फुग्यापासून काढलेला पदार्थ वापरतात. गिनेसने तो वापरणं सोडलं आहे. रविवारच्या प्रसिद्ध रोस्ट जेवणात भाज्यांचा पर्याय असतो, पण यॉर्कशर पुडिंगमध्ये अंडं असतं आणि ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची. या दोन गोष्टी वाढण्याआधी सांगितल्या नाहीत तर ताट तसंच परत जातं. न पिणाऱ्यांसाठी सोडा-लाइम, चहा, कॉफी असते. आणि नळाचं पाणी मागितल्यास ते फुकट देणं दारू विकणाऱ्या पबांवर कायद्यानेच बंधनकारक आहे, तेव्हा संकोच नको.

लहान मुलं बरोबर असतील तर रात्रीचा बेत आखू नका. संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर त्यांना बाहेर न्यायला सांगतात, मग ताटात अन्न असलं तरी. परतताना उरलेला कॅन हातात घेऊन ट्यूबमध्ये चढू नका. जून २००८पासून लंडनच्या बस-ट्यूबमध्ये मद्यपानाला बंदी आहे.

आणि एकच दुपार हाताशी असेल तर लंडन ब्रिजजवळच्या ‘जॉर्ज इन’ला जा. १६७६च्या आगीनंतर बांधलेली, लाकडी सज्जे असलेली घोडागाड्यांच्या काळची अशी खाणावळ लंडनमध्ये ही एकच उरली आहे, आणि १९३७पासून ती नॅशनल ट्रस्टच्या मालकीची आहे. अंगण मोठं आहे, आजी-आजोबांना बसता येतं, बरो मार्केट पलीकडेच आहे. मार्केट सोमवारी बंद असतं, म्हणून मंगळवारी किंवा बुधवारी, साडेतीनच्या सुमाराला.