अनिकेत: जुनं घर सुटलं, नवीन अजून आलं नाही

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १८ आणि १९



बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगतात. १८व्या श्लोकात येतं की थंडी आणि ऊन, दोन्हीत तो सारखाच असतो. आणि पुढच्याच श्लोकात दोन शब्द येतात: 'अनिकेत' आणि 'स्थिरमती'. निकेत म्हणजे घर. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही असा. हा अध्याय मला शाळेपासून पाठ आहे. पण या दोन शब्दांपाशी मी पहिल्यांदा थांबले ती वायोमिंगमधल्या एका बंद हायवेवर.

झालं असं, की नवऱ्याची न्यू जर्सीतली नोकरी गेली. इथे व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात दुसरी नोकरी लागून तिचे कागद दाखल झाले नाहीत, तर मुक्काम हलवायचा. आमचं काम ४८व्या दिवशी झालं. पण कुठे? देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ. जानेवारीतल्या एका सोमवारी रुजू व्हायचं होतं. सामान ट्रकने पुढे पाठवलं आणि मंगळवारी सकाळी आम्ही तिघं आमच्या जुन्या गाडीतून निघालो. मी, नवरा आणि सहा वर्षांची लेक. इंटरस्टेट ८० धरून साधारण ४,५०० किलोमीटर.

पेनसिल्व्हेनिया, ओहायो, आयोवा, नेब्रास्का. दिवसभर पांढरी शेतं आणि संध्याकाळी कुठलं तरी मोटेल. चौथ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, लॅरमीला पोचलो आणि समोर रस्त्यावर फाटक पडलेलं, वर दिवे लुकलुकतायत. लॅरमी ते रॉलिन्स हा १६० किलोमीटरचा पट्टा हिवाळ्यात असा बंद होत असतो. गंमत म्हणजे आकाश निळंशार होतं! तिथे बर्फ वरून पडायलाच हवा असं नाही. आधी पडलेला कोरडा बर्फ वारा जमिनीवरून उडवतो आणि पुढची गाडीसुद्धा दिसेनाशी होते.

हॉटेलची शेवटची खोली मिळाली. आणि मी नवऱ्यावर ओरडले. "विमानाने गेलो असतो तर? गाडी विकून टाक म्हणत होते ना मी?" तो एवढंच म्हणाला, "अगं, तिकडे गेल्यावर दुसरी गाडी कुठल्या पैशांनी घेतली असती?" मग कुणीच बोललं नाही. लेकीने विचारलं, "आई, आता आपलं घर कुठलं? जुनं का नवीन?" मला उत्तर देता आलं नाही. जुन्या घराची किल्ली परत केली होती. नवीन घर फक्त फोटोत पाहिलं होतं.

खाली लॉबीत अडकलेल्यांची गर्दी होती. त्यात एक वयस्कर सरदारजी ट्रकचालक होते. त्यांनी थर्मासमधला चहा आम्हाला दिला. लेकीने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. ते हसून म्हणाले, "घर फ्रेस्नोला आहे बेटा. महिन्यातले वीस दिवस मी रस्त्यावर असतो." मग सहज बोलता बोलता म्हणाले, की जपजी साहिबचा पाठ मात्र रोज पहाटे होतो. ट्रक जिथे उभा असेल तिथे.

मला चटकन आठवलं. मंगळवारपासून मी पाठच केला नव्हता! कारण काय, तर देवघर सामानाच्या ट्रकमध्ये आहे. "तिकडे पोचलो, मांडामांड झाली, की मग करू."

तर अनिकेत म्हणजे काय?

आचार्यांनी या शब्दाकडे वेगवेगळं पाहिलंय. आद्य शंकराचार्य सरळ अर्थ घेतात: ज्याचा राहण्याचा ठिकाणा ठरलेला नाही असा. डोळ्यांसमोर संन्यासी येतो. रामानुजाचार्य म्हणतात, बुद्धी आत्म्यात स्थिर झाल्यामुळे ज्याला घरादाराची आसक्ती उरलेली नाही असा. म्हणजे घर असू शकतं, गुंतणं नसावं. आणि आपले ज्ञानोबा माऊली तर शब्द उलटाच करून दाखवतात. त्यांच्या लेखी अनिकेत हा बेघर नाहीच. सगळं विश्वच आपलं घर आहे, ही त्याची समजूत पक्की झालेली असते. लक्षात घ्या, हे कोण सांगतंय? ज्यांच्या आईवडिलांना समाजाने वाळीत टाकलं, ते. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती याच माऊलींनी. घर नाकारलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

आता दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघा. घर हललं तरी चालेल, मती हलू नये. माझं नेमकं उलटं झालं होतं. मी घराचा विचार घट्ट धरून बसले होते आणि रोजचा नेम मात्र पहिल्याच दिवशी सोडून दिला होता.

एक गैरसमज मात्र नको. थंडी-ऊन सारखं मानायचं म्हणजे देवाचं नाव घेऊन वादळात गाडी घालायची असं नाही. आमच्या गाडीत ब्लँकेटं, पाणी, खाणं, टायरच्या साखळ्या, सगळं होतं. फाटक बंद असेल तर थांबायचं. समत्व म्हणजे बेफिकिरी नव्हे. करायचं ते सगळं करावं, आणि फाटक उघडायची वाट बघताना घरच्यांना बोचकारू नये, इतकं साधं आहे ते. आणि तितकंच अवघड.

शनिवारी पहाटे मी खोलीतल्या मायक्रोवेव्हशेजारी रुमाल पसरला, फोनवर माऊलींचा फोटो लावला आणि बारावा अध्याय म्हटला. लेक अर्धवट झोपेत ऐकत होती. नवऱ्याची माफी मागितली. फाटक काही लगेच उघडलं नाही, दुपारी दोन वाजले. रविवारी रात्री उशिरा आम्ही रिकाम्या घरात शिरलो आणि गारठलेल्या फरशीवर बसून मी थोडी रडलेसुद्धा. लेक अजूनही 'आपलं घर' म्हणते तेव्हा तिला न्यू जर्सीच आठवते. राहू दे. तिला वेळ लागेल, मलाही लागतोय. पण नेम त्या शनिवारनंतर चुकलेला नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी घर सोडून पीजीत, फ्लॅटवर, परदेशात राहताय. "सेटल झालो की सुरू करू" हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

आजचा विचार: जागा बदलल्यावर माझा कोणता नेम सुटला? तो पुन्हा सुरू करायला मी नक्की कशाची वाट बघतोय?

आजची कृती: पाच मिनिटं, जिथे असाल तिथे. लोकलमध्ये, हॉस्टेलच्या कॉटवर, ऑफिसच्या जिन्यात. एक श्लोक, एक अभंग किंवा नुसतं नाम.

प्रार्थना: पांडुरंगा, आमचे पत्ते बदलत राहतील. तुझ्याकडे येण्याची वाट तेवढी बदलू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!