उंच पर्वताची पूर्वतयारी
नेपाळात एव्हरेस्टच्या पायथ्याचा तळ सुमारे ५,३६४ मीटर उंचीवर आहे. तेथवर पायी जाऊ इच्छिणारे प्रवासी कित्येक आठवडे आधी पाठीवर ओझे घेऊन चढ-उताराचा सराव करतात. परंतु केवळ बळकट पाय पुरेसे नसतात. तळावर प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या मानाने सुमारे निम्माच प्राणवायू मिळतो. म्हणून वाटेत सुमारे ३,४४० मीटरांवरील नामचे बाजार या गावी वाटाड्या सर्वांना एक दिवस अधिक थांबवितो. शरीराला विरळ हवेची सवय होऊ देतो. तरीही डोके दुखू लागले वा मळमळू लागले, तर ते लपवू नये. वाटाड्यास तत्काळ सांगावे. त्याने उतरण्यास सांगितले, तर निमूटपणे उतरावे. पर्वत जागच्या जागीच राहतो. वेळीच माघारी फिरण्याची मनाची तयारी, हीच या प्रवासाची खरी पूर्वतयारी होय.