भांडवल मागणाऱ्यांसाठी आणि देणाऱ्यांसाठी: 'शार्क टँक'चा धडा

उद्योजकाने धनिकांसमोर उभे राहून आपला धंदा समजावून सांगायचा आणि भांडवल मागायचे, असा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम आता घरोघरी पाहिला जातो. त्याची सुरुवात २००१ साली जपानमध्ये झाली. तेथील कार्यक्रमाचे नाव 'पैशाचे वाघ' अशा अर्थाचे होते. २००५ मध्ये ब्रिटनच्या बीबीसीवर 'ड्रॅगन्स डेन' आणि २००९ मध्ये अमेरिकेत 'शार्क टँक' सुरू झाला. भारतात 'शार्क टँक इंडिया' हा कार्यक्रम २० डिसेंबर २०२१ पासून सोनी वाहिनीवर आला. पुण्याच्या एमक्युअर या औषध कंपनीच्या नमिता थापर या त्यातील एक गुंतवणूकदार होत.

आपले तरुण हा कार्यक्रम आवडीने पाहतात. परंतु कोणाला किती लाख मिळाले एवढेच पाहिले तर ती केवळ करमणूक होय. शिकण्यासारखे आहे ते पैसे देणाऱ्यांच्या प्रश्नांत. तेच प्रश्न आपल्या मोहल्ल्यातील व्यवहारांनाही कसे लागू पडतात, हे या लेखात आम्ही पाहणार आहोत.

धंद्याची किंमत कशी ठरते?

समजा, एक बेकरीवाला म्हणतो, "पाच लाख रुपये द्या, धंद्यात १० टक्के हिस्सा घ्या." १० टक्क्यांची किंमत पाच लाख, तर संपूर्ण धंद्याची किंमत ५० लाख झाली. आता बेकरीचा वार्षिक निव्वळ नफा दोन लाख असेल, तर देणाऱ्याच्या वाट्याला वर्षाला २० हजार येतील आणि नफा वाढला नाही तर पाच लाख वसूल व्हायला २५ वर्षे लागतील. मग त्याने पैसे का द्यावेत? धंदा लवकर वाढणार आहे, हे बेकरीवाल्याने आकड्यांनिशी पटवून दिले तरच. कार्यक्रमात मागणी ऐकताच गुंतवणूकदार किमतीवर बोट ठेवतात, त्याचे कारण हेच आहे.

तीन आकडे तोंडपाठ हवेत

पहिला, वर्षाची विक्री. दुसरा, एका नगामागे सुटणारी रक्कम. बिस्किटाचा पुडा दुकानदाराला ४० रुपयांस दिला आणि मैदा, तूप, साखर, इंधन, मजुरी, पुडा बांधणे व वाहतूक मिळून ३४ रुपये गेले, तर हाती ६ रुपये राहतात. त्यातून भाडे व वीजबिल भागायचे असते. तिसरा, थकलेली उधारी. उधारीवर गेलेला माल विक्रीत दिसतो, पण गल्ल्यात दिसत नाही. आपल्याकडे अनेकांचा धंदा चांगला असतो, मात्र वही नसते आणि घरखर्च व दुकानाचा खर्च एकाच गल्ल्यातून होतो. अशा माणसाला हे तीन आकडे सांगता येत नाहीत आणि मग समोरच्याचा विश्वास बसत नाही.

हिस्सा, कर्ज की रॉयल्टी?

रकमेइतकेच महत्त्व ती कोणत्या रूपाने येते याला आहे. हिस्सा घेणारा नफ्यातोट्यात सोबत असतो. कर्ज मात्र तोटा झाला तरी फेडावेच लागते. रॉयल्टी म्हणजे प्रत्येक विक्रीतून ठरावीक टक्के रक्कम, मग नफा होवो वा न होवो.

२०१३ साली अमेरिकेतील कार्यक्रमात जेमी सिमिनॉफ यांनी दारावरच्या कॅमेऱ्याच्या घंटीसाठी १० टक्के हिश्शाच्या बदल्यात सात लाख डॉलर मागितले. त्यांना मिळालेल्या प्रस्तावात कर्ज होते, ते फिटेपर्यंत विक्रीतून १० टक्के वसुली होती, पुढे दर विक्रीवर सात टक्के रॉयल्टी होती आणि शिवाय पाच टक्के हिस्सा होता. त्यांनी तो नाकारला. पुढे 'रिंग' या नावाने वाढलेली तीच कंपनी २०१८ मध्ये ॲमेझॉनने एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीस घेतली. पैशाची गरज असतानाही नको तो सौदा नाकारता आला पाहिजे.

मालेगावचे उदाहरण

'शार्क टँक इंडिया'च्या पहिल्या हंगामात मालेगाव भागातील कमलेश घुमरे हे शेतात औषधफवारणीसाठी स्वतः बनविलेली गाडी घेऊन गेले होते. त्यांची मागणी १० टक्क्यांस ३० लाखांची, म्हणजे धंद्याची किंमत तीन कोटी. पीयूष बन्सल यांनी १० लाख रुपये ४० टक्के हिश्शासाठी आणि २० लाख बिनव्याजी कर्ज म्हणून देऊ केले व सौदा ठरला. म्हणजे धंद्याची किंमत २५ लाख धरली गेली.

यात दोन्ही बाजू पाहाव्यात. विक्री सुरू न झालेल्या वस्तूला पैसा, मार्गदर्शन आणि तेही व्याजाविना मिळणे ही मोठी गोष्ट आहे. परंतु मूळ मालकाकडे ६० टक्के उरले. अशा धंद्यात उद्या आणखी कोणी नवे भांडवल घालून २० टक्के घेतले, तर ६० चे ४८ होतात आणि मालकी निम्म्याखाली जाते. हिस्सा देताना आजचाच नव्हे, पुढच्या फेरीचाही हिशेब करावा.

शरीअतची शिकवण

नफ्यातोट्यातील भागीदारी आपल्याला नवी नाही. एकाचे भांडवल व दुसऱ्याचे श्रम असतील तर ती मुदारबा, आणि दोघांचेही भांडवल असेल तर मुशारका. प्रेषितत्व लाभण्यापूर्वी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत खदीजा (र.) यांच्या भांडवलावर व्यापार केला होता. मुदारबात नफ्याचे प्रमाण आधी ठरते, ठरावीक रक्कम नव्हे. तोटा झाल्यास भांडवल देणाऱ्याचे पैसे जातात आणि राबणाऱ्याचे श्रम वाया जातात, मात्र त्याने हलगर्जी वा लबाडी केलेली नसावी.

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहा. एखाद्या व्यापाऱ्याला लाख रुपये द्यायचे, दरमहा बांधलेली रक्कम घ्यायची आणि तिला 'नफा' म्हणायचे, असे व्यवहार चालतात. धंदा बुडाला तरी रक्कम ठरलेली असेल, तर नाव बदलल्याने व्याज हलाल होत नाही. बंगळूरच्या आय.एम.ए. या संस्थेने हलाल नफ्याच्या नावाने लोकांचा पैसा गोळा केला आणि जून २०१९ मध्ये ती कोसळली. हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली. त्यात मुलींच्या लग्नांसाठी ठेवलेला पैसाही होता. हा धंदा कोणता, नफा कुठून येतो, वह्या दाखवा, असे विचारणे हा अविश्वास नव्हे. ती आपल्या कष्टाच्या कमाईची राखण आहे.

तोंडी होकार आणि लेखी करार

पडद्यावर हात मिळाले म्हणजे पैसे मिळाले असे नसते. त्यानंतर कागदपत्रांची छाननी होते आणि तीत अनेक सौदे बदलतात किंवा मोडतात. आपण तर भावाभावांत वर्षानुवर्षे तोंडी भागीदारी करतो आणि वडिलांच्या पश्चात कोर्टात उभे राहतो. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसारही, नोंदणी नसलेल्या भागीदारीला करारातील हक्कासाठी बाहेरच्यावर सहसा दावा लावता येत नाही.

म्हणून आमची विनंती अशी की, भांडवल मागणाऱ्याने आधी वही घालावी, देणाऱ्याने आधी वही पाहावी, आणि दोघांनी मिळून नफ्याचे प्रमाण व तोट्याची जबाबदारी कागदावर लिहावी. एवढे केले तर टीव्हीवर जाण्याची गरज पडणार नाही. इन्शाअल्लाह, भांडवल आपल्या मोहल्ल्यातच मिळेल.