घरचे रात्रीचे जेवण : एका आठवड्याचा पाठ

(इयत्ता चौथी – परिसर अभ्यास, गणित व मराठी यांचा समवाय)

आहाराचा पाठ शिकविताना पुष्कळ शाळांतून फलकावर तीन रकाने आखले जातात. शक्ती देणारे अन्न, शरीराची वाढ करणारे अन्न व रोगापासून रक्षण करणारे अन्न, असे त्यांचे मथळे असतात. खाली गहू, दूध, सफरचंद अशी नावे येतात, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपतो. सायंकाळी तेच मूल घरी जाऊन भाकरी व पिठले जेवते. फलकावर ज्याचे नावही नव्हते ते आपले जेवण कमी प्रतीचे असावे, अशी त्याची समजूत होऊन बसते. हा मुलाचा नव्हे, पाठाचा दोष होय. ज्या अन्नावर मुलाचा देह पोसला जात आहे, त्या अन्नापासूनच आहाराच्या पाठास आरंभ झाला पाहिजे.

यासाठी सोमवार ते रविवार असा एक आठवडा घ्यावा. मुलांनी रोज रात्रीच्या जेवणाची नोंद करावी व शिक्षकांनी पुढील आठवड्यात तिच्या आधारे पाठ घ्यावेत. नोंदीचे रकाने चारच असावेत : काय शिजले, त्यातील कोणता जिन्नस घरचा व कोणता विकतचा, भाकऱ्या किती झाल्या, आणि सर्वांत शेवटी कोण जेवले. चौथा रकाना प्रथमदर्शनी अनावश्यक वाटेल. परंतु सर्व पाठाचे मर्म त्यातच आहे.

नमुन्यादाखल मंगळवेढ्याकडील रब्बीच्या दिवसांतील एक घर कल्पनेने घेऊ. आजी, आई, वडील, चुलते, सातवीतील मुलगी व चौथीतील मुलगा, अशी सहा माणसे. सोमवारी भाकरी, पिठले, कांदा व ठेचा. मंगळवारी डाळ घालून मेथीची पातळ भाजी. बुधवारी आमटी व भात. गुरुवारी हुलग्याचे शेंगोळे. शुक्रवारी ताकातली चाकवताची भाजी. शनिवारी बाजारची वांगी. रविवारी अंड्याचे कालवण. यांपैकी प्रत्येक दिवसाचा स्वतंत्र पाठ करण्याचे कारण नाही. दोनतीन दिवस नीट घेतले तरी पुरे.

पिठल्याचा दिवस अवश्य घ्यावा. शेतातून यावयास उशीर झाला, भाजी संपली, की पिठले, असा घरोघर शिरस्ता असल्यामुळे ते अडीअडचणीचे खाणे समजले जाते. वस्तुतः भाकरी व पिठले ही जोडी मोठी शहाणी आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. हरभऱ्याच्या डाळीत त्याच्या दुपटीहून अधिक. पण केवळ प्रमाणाची गोष्ट नव्हे. प्रथिने ज्या घटकांची बनतात, त्यांपैकी लायसिन नावाचा घटक ज्वारीत कमी असतो व डाळीत भरपूर असतो. उलट मेथिओनिन हा घटक डाळीत कमी पडतो, तो धान्यातून मिळतो. जोडीतला एक बैल जिथे कमी पडतो तिथे दुसरा सावरून घेतो, तसाच हा प्रकार. ही नावे चौथीच्या मुलांना पाठ करावयास लावू नयेत. शिक्षकांना ती ठाऊक असली म्हणजे झाले. मुलांना बैलांचा दृष्टान्त पुरेसा आहे.

मेथीच्या दिवशी लोहाचा विषय निघावा. पालेभाजीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. जेवताना लिंबाची फोड पिळली अथवा आवळा खाल्ला, तर ते अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा लागलीच नंतर चहा घेतला, तर कमी. शेतावरून आलेल्या माणसांना जेवल्याबरोबर चहा लागतो, हे खरे. मुलांनी वडीलधाऱ्यांना उपदेश करण्याच्या भरीस पडू नये. बांधावरचे लिंबू ताटात आणून ठेवावे, तेवढे त्यांच्या हातचे आहे.

शेंगोळ्यांचा दिवस भाषेच्या पाठास विशेष उपयोगी पडतो. हुलग्याच्या पिठात तिखट, मीठ, लसूण घालून ते मळावयाचे, हातावर वळून त्याची वेटोळी करावयाची व उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडावयाची. ही कृती मुलांनी आजीजवळ बसून पाहावी व क्रमाने लिहून काढावी. "आधी", "मग", "तोवर" या शब्दांचा उपयोग कृती लिहिताना जितका स्वाभाविकपणे शिकविता येतो, तितका व्याकरणाच्या तासाला येत नाही. हुलगा थोड्या पाण्यावर व हलक्या जमिनीतही येतो. म्हणून आवर्षणाच्या मुलखात त्याने चुलीची लाज राखली आहे. आज सत्तरीकडे झुकलेल्या आज्यांनी १९७२ सालचा दुष्काळ लहानपणी पाहिलेला आहे. त्या वेळी रेशनवर मिळालेला तांबडा मिलो, दुष्काळी कामावरची सुकडी, यांविषयी मुलांनी त्यांना विचारावे व ऐकलेले आठदहा ओळींत लिहावे. तेव्हाचे जेवण व आताचे, यांतील फरक मुलांना पुस्तकावाचून कळेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये गहू व तांदूळ स्वस्त दुकानातून घरोघर पोहोचू लागल्यावर कित्येक घरांत रात्रीच्या भाकरीच्या जागी पोळी व भात आले, हेही दुसऱ्या रकान्यावरून दिसून येईल.

गणितास सामग्री भरपूर आहे. नमुन्याच्या घरात सात दिवसांच्या भाकऱ्या अनुक्रमे ११, १०, ११, ४, १०, १५ व १२, म्हणजे एकूण ७३ झाल्या. एका भाकरीस सरासरी ९० ग्रॅम पीठ धरल्यास आठवड्यास ६ किलो ५७० ग्रॅम पीठ लागले. शेंगोळ्यांच्या दिवशी चारच भाकऱ्या का, शनिवारी पंधरा का, असे प्रश्न मुलेच विचारतील. आजीच्या तोंडी अजून शेर, मापटे व चिपटे असतील. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे कोष्टक फलकावर मांडावे व घरातील माप शाळेत आणून त्यात मावणारी ज्वारी किलोच्या तराजूवर जोखून पाहावी. माप हे आकारमानाचे व किलो हे वजनाचे, हा भेद त्यामुळे कायमचा ध्यानात राहतो.

आता चौथा रकाना. शनिवारी पंधरा भाकऱ्या झाल्या, कारण दोन पाहुणे आले होते. वांग्यांची भाजी सहा माणसांच्या बेताने केलेली. पाहुण्यांची पंगत उठली, मुले जेवली, आजी जेवली. आई बसली तेव्हा कढईत रस्सा उरला नव्हता. तिने ठेच्याशी भाकरी खाल्ली. पहिल्या रकान्यात त्या दिवशी "वांग्यांची भाजी" असेच लिहिले गेले आणि ते खोटेही नाही. ताटातील पदार्थांची यादी उत्तम, परंतु घरातील एका माणसाच्या वाट्यास त्यातले काही आले नाही, असे अनेक घरांत घडते. बहुधा ती व्यक्ती आई असते आणि तिच्या मागोमाग मोठी मुलगी. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या ठिकाणी रक्तक्षय आढळला. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. तथापि चौथ्या रकान्याकडे पाहिल्यावर त्यांतील एक कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. वर्गात याचे व्याख्यान करू नये. सात दिवसांत शेवटी कोण जेवले, हे मोजावयास सांगावे आणि थांबावे. भाजी चुलीवरून उतरताच एक वाटी झाकून बाजूला ठेवता येईल काय, असे एखादा मुलगा आपण होऊन म्हणाला, तर त्यालाच ते घरी करून पाहू द्यावे.

एका बाबतीत मात्र शिक्षकांनी फार जपले पाहिजे. "काल रात्री तू काय जेवलास?" हा प्रश्न भर वर्गात, हजेरीच्या क्रमाने, कदापि विचारू नये. कोणाच्या घरी चूल पेटलेली नसते. कोणाचे आईबाप ऊसतोडणीस गेलेले असतात आणि म्हाताऱ्या आजीने टाकलेल्या दोन भाकऱ्यांवर तीन पोरांची रात्र निघते. कोणाच्या घरी सुकट शिजते, कोणाकडे मटण, कोणाकडे यांतले काहीच चालत नाही. त्यावरून चेष्टा सुरू झाली, तर पाठाचा विपरीत परिणाम होईल. म्हणून फलकावर सदैव नमुन्याचे घर घ्यावे. मुलाची स्वतःची नोंद त्याच्या वहीतच राहावी. ज्याने नोंद आणली नाही, त्याला कारण विचारू नये. मधल्या सुट्टीत शाळेतील जेवणाच्या पंगतीस त्याच्याजवळ बसावे व त्याला पुन्हा वाढावयास सांगावे.

आठवडा संपल्यावर नोंदींचे कागद मुलांना परत द्यावेत. तपासणीच्या वेळी दाखविण्यासाठी ते शाळेच्या दप्तरात लावण्याची आवश्यकता नाही. शेंगोळ्यांची कृती व आजीने सांगितलेल्या आठवणी तेवढ्या हस्तलिखितासाठी निवडून ठेवाव्यात.