न रडणारे मूल

बालवाडीचा पहिला दिवस हा रडण्याचा दिवस असतो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. कोणी फाटकाचा गज घट्ट धरून ठेवते, तर कोणी आईचा पदर सोडीत नाही. या गोंधळात एखादे मूल मात्र मुकाट्याने आत येते, दाखविलेल्या जागी बसते आणि दिवसभर एक शब्दही उच्चारीत नाही. "किती शहाणे बाळ!" असे म्हणून आम्ही शिक्षक रडणाऱ्या मुलांकडे वळतो. हे शहाणपण खरोखर शहाणपणच असते काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

मनुष्याच्या वर्तनामागे इच्छा, भीती, प्रेम, राग अशा प्रेरणांची ओढाताण सतत चाललेली असते. तिचा मोठा भाग आपल्या जाणिवेत नसून नेणिवेत असतो आणि तिचे मूळ पुष्कळदा बालपणात सापडते. असे मानणाऱ्या विचारसरणीस मानसशास्त्रात मनोगतिकीय दृष्टिकोन म्हणतात. व्हिएन्ना येथील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) हा तिचा आद्य प्रवर्तक होय. मनात दडपलेली भावना नाहीशी होत नाही, ती रूप बदलून पुन्हा प्रकट होते, हे त्याच्या शिकवणीचे एक सार म्हणता येईल.

फ्रॉइडने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात आपल्या दीड वर्षाच्या नातवाची हकीकत दिली आहे. हा मुलगा आईचा फार लाडका, तरी ती बाहेर गेली असता कधी रडत नसे. घरचे लोक त्याला गुणी म्हणत. परंतु त्याचा एक खेळ होता. दोरा बांधलेले लाकडी रीळ तो पाळण्याच्या पडद्याआड फेकी आणि "गेले" अशा अर्थाचा उद्गार काढी. मग दोरा ओढून रीळ परत आणी आणि आनंदाने "हे आले" असे म्हणे. आईचे जाणे-येणे त्याच्या हाती नव्हते, रिळाचे मात्र होते. जे दुःख मुकाट्याने सोसावे लागत होते, ते खेळात आणून मूल त्याचे धनी होत होते, असा अर्थ आजोबांनी लावला. म्हणजे रडू आले नाही, तरी दुःख होतेच.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रॉइडची कन्या ॲना फ्रॉइड हिने आपली सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम हिच्यासह लंडनमध्ये घरापासून दुरावलेल्या मुलांसाठी शिशुगृहे चालविली. तेथे जेम्स रॉबर्टसन नावाचा तरुण बंब पेटविण्यापासून दुरुस्तीपर्यंत पडेल ते काम करीत असे. त्या संस्थेचा एक नियम होता: काम कोणतेही असो, प्रत्येकाने मुलांविषयी जे दिसेल ते टिपून ठेवावयाचे. या नियमाने त्या कामगाराला डोळस निरीक्षक बनविले.

१९४८ साली रॉबर्टसन हा जॉन बोल्बी (१९०७–१९९०) या मनोविश्लेषकाच्या हाताखाली काम करू लागला. त्या काळी इंग्लंडमधील इस्पितळांत आजारी मुलांना भेटण्यास आईबापांना फार थोडी मुभा असे. ते येऊन गेले की मुले रडतात, म्हणून न येणेच बरे, असा समज होता. रॉबर्टसनने निराळेच पाहिले. आईपासून दुरावलेले लहान मूल आधी आकांत करते. नंतर ते खिन्न होऊन पडून राहते. शेवटी ते खेळू-खाऊ लागते, परिचारिकांकडे पाहून हसतेही. पण आई आली तर तिच्याकडे परक्यासारखे पाहते. परिचारिका ज्याला "मूल रुळले" म्हणत, ते वास्तविक मनाने मिटून गेलेले असे.

तोंडी सांगून कोणास पटेना, तेव्हा त्याने स्वतः चित्रपट घेण्याचे ठरविले. दाखल व्हावयाच्या मुलांच्या यादीतून कोणतीही निवड न करता एक नाव घेतले. ती दोन वर्षे पाच महिन्यांची मुलगी होती, चित्रपटात तिचे नाव लॉरा. एका लहानशा शस्त्रक्रियेसाठी तिला आठ दिवस राहावयाचे होते. रोज ठराविक वेळीच चित्रण होई आणि भिंतीवरचे घड्याळही चित्रात दिसे, की हवे तेवढेच दाखविले असा आरोप कोणी करू नये. लॉरा फारशी रडत नाही. अधूनमधून हळू आवाजात आईची चौकशी तेवढी करते. आई भेटीस आली की तोंड फिरविते. शेवटच्या दिवशी ती आपली खेळणी गोळा करून निघते, परंतु आईचा हात धरीत नाही.

१९५२ साली लंडनच्या वैद्यकीय सभेत हा चित्रपट दाखविला, तेव्हा पुष्कळ डॉक्टर व परिचारिका संतापल्या. तरी सत्य हळूहळू पटत गेले. १९५९ साली सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने मुलांना भेटण्यावरील निर्बंध उठवावेत आणि लहानग्यांजवळ आईला राहता यावे, अशी शिफारस केली.

येथे एक सावधगिरी हवी. फ्रॉइडची अनेक मते आज जशीच्या तशी मान्य नाहीत. बोल्बीनेही त्यांत पुष्कळ बदल केला. तसेच मायकेल रटर याने १९७२ साली दाखवून दिले की, मुलाचा जीव आईवरच जडतो असे नाही. बाप, आजी, इतर जिव्हाळ्याची माणसेही तो आधार देऊ शकतात. बालपणीचा विरह म्हणजे कपाळावरची न पुसणारी रेघ नव्हे. जवळचे कोणी दुःख ओळखणारे असले म्हणजे ते पुष्कळसे भरून येते.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, मुलाला शाळेत सोडताना त्याचा डोळा चुकवून निघून जाऊ नये. ते रडले तरी चालेल, पण सांगून जावे आणि सांगितल्या वेळी यावे. आमच्या गोव्यात कित्येकांचे वडील तारवटी असतात. महिनोन्‌महिने जहाजावर राहतात. अशा घरातील मूल कधी विचारीत नाही, म्हणून त्याला काही वाटत नाही असे समजू नये. आणि विद्यार्थिमित्रहो, वर्गात नवा आलेला मुलगा कोणाशी बोलत नसेल, तर तो गर्विष्ठ आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी क्षणभर थांबा व त्याच्याशेजारी जाऊन बसा.

आपल्याकडे आई तोंडावर पदर घेऊन क्षणभर लपते आणि "बुवा... कुक्!" म्हणत पुन्हा दिसते, तेव्हा तान्हे मूल खदखदून हसते. फ्रॉइडच्या नातवाचा खेळ याहून फार निराळा नव्हता. घरातून निघताना "जातो" असे आपण म्हणत नाही, "येतो" असे म्हणतो. निरोपाच्या शब्दातच परत येण्याचे वचन घालून ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी मानसशास्त्राचा ग्रंथ वाचलेला नव्हता. परंतु उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाचे मन त्यांना कळले असावे. तो शब्द आपण मुलाच्या डोळ्यांत पाहून उच्चारावा आणि तो खरा करावा.