सर्व्हरशीं जोडणी न झाल्यास

इ. स. २०२० च्या टाळेबंदींत संगणकाचा पडदा हीच आम्हां विद्यार्थ्यांची वर्गखोली झाली. तेव्हां झूमवर ‘५००३’ हा आंकडा उमटला कीं, आजचा पाठ बुडाला असें आम्हांस वाटे. वस्तुतः सर्व्हरपर्यंत आपली हांक पोंचत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

प्रथम दुसरें संकेतस्थळ उघडावें. तेंही न उघडल्यास दोष बहुधा इंटरनेटचा. उघडल्यास मोबाइलच्या इंटरनेटवरून जोडून पाहावें. जोडणी झाली तर अडथळा घरच्या राउटरपाशीं शोधावा. न झाल्यास संगणकांतील फायरवॉल वाट अडविते काय, तें तपासावें. झूमपुरती परवानगी द्यावी, संपूर्ण फायरवॉल बंद ठेवूं नये. तारीखही पाहावी, ती चुकीची असतां सर्व्हरचें प्रमाणपत्र मुदतबाह्य भासतें.

पालकांनीं हा शोध मुलांकडूनच करवावा. कारणें क्रमानें पारखण्याची संवय हाही एक पाठच होय.