वीज गेली तर दार उघडेल का?

प्रश्न : आम्ही भिलाईला सेक्टर 2 मध्ये क्वार्टरात राहतो. दार म्हणजे कडी-कोयंडा आणि कुलूप, एवढंच आम्हाला ठाऊक. मुलाच्या पुण्यातल्या इमारतीत खाली काचेचं दार आहे. जुडग्यातली प्लॅस्टिकची चकती भिंतीवरच्या डबीला दाखवली की ते ‘टक्’ करून उघडतं. चकतीत सेल नाही म्हणे. मग ती चालते कशी? आणि वीज गेली तर माणसं आत अडकतात का?
— एक वाचक, भिलाई

उत्तर : सेल नाही हे खरं. चकती फोडलीत (मुलाला विचारून फोडा, नवीचे पैसे पडतात) तर आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं आणि तिळाएवढी चिप सापडेल. भिंतीवरच्या डबीभोवती सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं. साध्या चकत्यांच्या डबीत ते सेकंदाला सव्वा लाख आवर्तनं करतं. चकती जवळ नेली की त्या वेटोळ्यात वीज तयार होते. फॅरडेने 1831 मध्ये हेच दाखवलं होतं. तेवढ्या विजेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तो यादीत असला तर दार उघडतं. बिनसेलच्या कार्डाने दार उघडण्याचं पेटंट अमेरिकेत चार्ल्स वॉल्टन यांना 1973 मध्ये मिळालं. मेट्रोचं कार्ड आणि गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही बिनसेलचेच, लहरी वेगळ्या.

साधी चकती मात्र भोळी असते. जी डबी विचारेल तिला ती क्रमांक सांगून टाकते, त्यामुळे तिची नक्कल सहज होते. गुप्त संकेत वापरणारी कार्डं बरी, पण त्यांतल्या मायफेअर क्लासिक या जगभर पसरलेल्या कार्डाचा संकेतही नेदरलँड्समधल्या नायमेखेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 मध्ये फोडून दाखवला. चकतीचा खरा फायदा माझ्या मते वेगळाच आहे : ती हरवली तर कुलूप बदलावं लागत नाही, यादीतून एक क्रमांक खोडला की झालं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण महत्त्वाचा तोच. काचेच्या दाराला बहुधा बोल्ट नसतो. चौकटीवर विद्युतचुंबक असतो, दारावर लोखंडी पट्टी. नेहमीचा चुंबक सुमारे 270 किलोच्या ओढीला पुरून उरतो आणि त्यासाठी 12 व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर खातो. पोलाद कारखान्यात भंगार उचलणारी चुंबकाची क्रेन तुम्ही पाहिली असेल. प्रवाह तोडला की माल खाली. तिथे वीज अचानक गेली तर अनर्थ, म्हणून बॅटरी जोडलेली ठेवतात. दाराचा हिशेब नेमका उलटा आहे. वीज गेली की ते सुटावं, हेच हवं असतं, कारण आग लागली तर आतल्या माणसाला चकती शोधायला वेळ नसतो.

मग चोराने फ्यूज काढला तर? त्यासाठी इथेही बॅटरी असतेच, बहुधा 7 अँपिअर-तासांची. कागदावर ती चौदा तास पुरते, प्रत्यक्षात कमी, आणि जुनी झाली की आणखी कमी. म्हणजे वीज गेली तरी दार लगेच उघडत नाही. बॅटरी संपली की उघडतं.

अडकण्याची भीती खरी आहे ती दुसरीकडे. आतून बाहेर पडायचं बटण पुष्कळदा फक्त नियंत्रण पेटीला ‘उघड’ असा निरोप देतं. पेटीच बिघडली तर चुंबक धरून बसतो आणि बटण दाबत राहिलं तरी उपयोग नाही. म्हणून आतल्या बाजूला काच फोडून किंवा दाबून चालवायची वेगळी पेटी लागते, आणि तिने चुंबकाचा प्रवाह थेट तोडायला हवा. फायर अलार्म वाजला की तेव्हाही हा प्रवाह तुटला पाहिजे. मुलाला सांगा, सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन एकदा ती पेटी चालवून बघ. बॅटरी जोडलेली ठेवूनच बघा. काढून ठेवलीत तर चाचणीला अर्थ राहत नाही.